आंबणं आणि नासणं: दह्यातले आणि माशांतले जिवाणू इतर जंतूंना कसे आवरतात

मे महिन्यातल्या एखाद्या रात्री एकाच पातेल्यातलं तापवलेलं दूध दोन वाट्यांत काढा. एका वाटीत चमचाभर विरजण घाला, दुसरीत काहीच घालू नका आणि दोन्ही झाकून ओट्यावर ठेवा. सकाळी पहिल्या वाटीत दही लागलेलं असेल, दुसरीतलं दूध बहुधा नासलेलं. दूध तेच, उकाडा तोच. दोन्हीकडे रात्रभर जंतूच राबले. तरी एक वाटी आपण भातावर घेतो आणि दुसरी मोरीत ओततो.

जंतुशास्त्र शिकवताना मी सुरुवात नेहमी या दोन वाट्यांपासून करते, कारण मराठीनं हा फरक आधीच टिपून ठेवला आहे. दही लागतं, पीठ आंबतं. दूध नासतं, मासा कुजतो. आंबणं म्हणजे अन्नावर एका विशिष्ट जातीच्या जंतूंनी ताबा मिळवणं आणि बाकीच्यांना बाहेर ठेवणं. नासणं म्हणजे ज्याला जमेल त्यानं हात मारणं.

दुसऱ्या वाटीत काय झालं ते आधी सांगते. दूध उकळल्यावर बहुतेक जंतू मरतात आणि त्यांत दूध आंबवणारेही जातात. पण काही जिवाणू जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात दडून बसतात. बॅसिलस कुळातले जिवाणू यात पटाईत. उकळी त्यांना पुरून उरत नाही. दूध कोमट झालं की ते जागे होतात, आणि वाटीत अडवायला कुणीच नसतं. पहिल्या वाटीत मात्र विरजणाच्या एका चमच्यातून कोट्यवधी लॅक्टिक आम्ल जिवाणू आधीच येऊन बसलेले होते.

लॅक्टिक आम्ल जिवाणू हे एखाद्या कुळाचं नाव नाही, धंद्याचं नाव आहे. साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवणं हा ज्यांचा मुख्य व्यवसाय, ते सगळे यात आले. दह्यातला लॅक्टोकोकस, इडलीच्या पिठातला ल्युकोनोस्टॉक, भाज्यांच्या आंबवणात सापडणारा लॅक्टिप्लँटिबॅसिलस, आणि ज्याच्याकडे आपण पुढे येणार आहोत तो माशांवर राहणारा कार्नोबॅक्टेरियम. आंबट दुधातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं, १७८० मध्ये. ते जिवंत जीवांमुळे तयार होतं हे लुई पाश्चरनं १८५७ मध्ये मांडलं. आणि आंबट दुधातला जिवाणू इतरांपासून वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवला जोसेफ लिस्टरनं, १८७० च्या दशकात. जखमा चिघळू नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल वापरायला शिकवणारा शल्यचिकित्सक तो हाच.

आम्ल: साधं, पण सगळ्यात मोठं हत्यार

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, शेकडा साडेचार ते पाच. लॅक्टिक जिवाणू ती फोडून ऊर्जा मिळवतात, पण त्यांची रीत फार उधळी आहे. पेशीतली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंत मोजतात. एटीपी म्हणजे पेशीची सुटी नाणी समजा. आपल्या पेशी प्राणवायू वापरून ग्लुकोजच्या एका रेणूतून सुमारे ३० नाणी काढतात. हे जिवाणू प्राणवायूच्या भानगडीत न पडता जेमतेम २ काढतात. साहजिकच पोट भरायला त्यांना साखर ढिगानं लागते आणि मागे आम्लही ढिगानं साचतं. शेजाऱ्यांना पळवून लावतं ते हेच आम्ल.

आंबटपणा पीएचमध्ये मोजतात: आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो, नीट लागलेल्या दह्याचा ४.५ च्या जवळ. आकड्यांत फरक दोनचाच दिसतो. पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे हा फरक शंभरपटीहून जास्त आहे. तरी नुसता पीएच सांगितला की गोष्ट अर्धीच राहते. त्याच पीएचचं हायड्रोक्लोरिक आम्ल जंतूंना इतकं छळत नाही, जितकं लॅक्टिक आम्ल छळतं. असं का?

लॅक्टिक आम्लाचा रेणू दोन अवस्थांत असतो. एक अखंड, आणि एक हायड्रोजन आयन सोडून दिलेला. आयन सोडलेल्या रेणूवर विद्युतभार असतो, म्हणून जंतूच्या तेलकट पटलातून त्याला आत जाता येत नाही. अखंड रेणूवर भार नसतो, तो सहज आत सरकतो. पीएच ६.५ असताना हजारातले दोनच रेणू अखंड असतात. पीएच ४.५ वर उतरला की शंभरातले अठरा-एकोणीस. आत गेल्यावर मात्र पेशीतला पीएच सातच्या जवळपास, त्यामुळे तिथे तो रेणू लगेच फुटतो आणि हायड्रोजन आयन पेशीच्या आत सुटतो. पेशीला ते आयन बाहेर उपसून टाकावे लागतात. होडीला भोक पडल्यावर नावाड्यांनी वल्ही बाजूला ठेवून पाणी उपसत बसावं, तशी तिची गत होते. होडी लगेच बुडत नाही, पण पुढेही जात नाही. आणि बाहेरून आम्ल येतच राहतं.

कॉलऱ्याचा जंतू आंबटाला फार हळवा, तो लवकर हरतो. घातक विष बनवणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही. डबाबंद अन्नाच्या उद्योगात हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा पाळला जातो. उलट ई. कोलायचे काही वाण आंबटपणा बऱ्यापैकी सोसतात. यीस्ट आणि बुरशी तर आंबट वातावरणात मजेत राहतात, त्यांच्याकडे शेवटी येऊच.

आम्लाच्या जोडीला किरकोळ हत्यारंही असतात. काही लॅक्टिक जिवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि ते फोडणारं कॅटॅलेज हे विकर त्यांच्याकडे सहसा नसल्यामुळे ते आसपास साचतं. काही डायअ‍ॅसिटिल बनवतात. लोण्याचा जो घमघमाट आपल्याला आवडतो तो त्याचाच, आणि काही जंतूंना तो अपायकारक असतो. काही कार्बन डायऑक्साइड सोडतात. इडली फुगते ती त्यावर, आणि तोच वायू प्राणवायूवर जगणाऱ्या जंतूंची कोंडी करतो. यांतलं एकेकटं फार जोरकस नाही, पण एकत्र आलं की भर पडते.

दुसरं हत्यार: नेम धरून मारणारं

१९२८ मध्ये अमेरिकेत दुधावर काम करणाऱ्या रॉजर्स आणि व्हिटियर यांना दिसलं, की दुधातला एक जिवाणू दुसऱ्या जिवाणूची वाढ रोखतोय आणि ते नुसत्या आम्लामुळे नाही. काही वर्षांनी न्यूझीलंडमध्ये चीज बनवताना असाच अनुभव आला: विरजण घातलं तरी ते चालेना, कारण दुधात आधीपासून असलेला एक लॅक्टिक जिवाणू काहीतरी सोडत होता. ते काहीतरी प्रथिनासारखं निघालं. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी त्याला नायसिन असं नाव दिलं. अशा पदार्थांना बॅक्टेरिओसिन म्हणतात: एका जिवाणूनं बनवलेलं, दुसऱ्या जिवाणूला मारणारं छोटं प्रथिन.

नायसिन म्हणजे ३४ अमिनो आम्लांची साखळी, तीही ठिकठिकाणी कड्या घालून वळवलेली. तिचं काम पाहण्यासारखं आहे. जिवाणूला आपली भिंत बांधायला विटा लागतात आणि त्या विटा पटलातून बाहेर वाहून नेणारा एक हमाल असतो, त्याचं नाव लिपिड-२. नायसिन नेमका या हमालाला पकडतं. म्हणजे बांधकाम थांबलं. एवढ्यावर न थांबता हमालाला धरूनच ते पटलात आडवं-उभं शिरून भोक पाडतं. भिंतही बंद आणि पटलही फुटकं. म्हणून नायसिन अत्यंत कमी प्रमाणातही काम करतं.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हा जिवाणू नायसिन सतत बनवत बसत नाही. आजूबाजूला नायसिन किती साचलंय याची तो चाहूल घेत असतो, आणि आपल्या जातीची पुरेशी गर्दी झाली की उत्पादन वाढवतो. एकट्या-दुकट्यानं हत्यार उपसून उपयोग नाही, हे त्याच्या जनुकांतच लिहिलेलं आहे. शिवाय स्वतः त्यात मरू नये म्हणून त्याच्याकडे बचावाचं वेगळं प्रथिन असतं.

अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीनं १९६९ मध्ये नायसिनला अन्नात वापरायला मान्यता दिली, अमेरिकेनं १९८८ मध्ये. प्रक्रिया केलेल्या चीजच्या डब्यामागे २३४ हा आकडा छापलेला दिसला, तर ते हेच. पण त्याची मर्यादाही मोठी आहे. ई. कोलाय, सालमोनेला अशा जिवाणूंच्या अंगावर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, ते नायसिनला आत येऊच देत नाही. त्यामुळे ‘दह्यात प्रतिजैविक असतं’ असं कुणी सरसकट म्हणालं, की मी विचारते: कोणत्या जंतूविरुद्ध?

खळं पडलं, पण कशामुळे?

हे सगळं प्रयोगशाळेत कसं तपासतात ते जवळून पाहू, कारण या विषयातले बहुतेक गोंधळ इथेच होतात.

काचेच्या पसरट डिशमध्ये अगरचा थर ओतून गार करतात. अगर म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेला, जेलीसारखा गोठणारा पदार्थ. त्यावर ज्याला मारायचं तो जंतू एकसारखा पसरतात. मग निर्जंतुक नळीनं त्या थरात शर्टाच्या बटणाएवढे खड्डे पाडतात. दह्यातला किंवा माशातला जिवाणू ज्या रसात वाढवला तो रस बारीक गाळणीतून गाळतात, म्हणजे जिवाणू मागे राहतात आणि त्यांनी सोडलेले पदार्थ तेवढे खाली येतात. त्याचे काही थेंब खड्ड्यात सोडायचे आणि डिश रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी सगळ्या डिशवर जंतूंची दुधी साय धरलेली असते, आणि खड्ड्याभोवती मात्र स्वच्छ गोल कडं. चंद्राला खळं पडतं तसं.

पोरं हे खळं पाहून हरखून जातात. मीही पहिल्यांदा हरखले होते. पण खरं काम इथून पुढे असतं. पुढच्या डिशमध्ये तोच रस, पण आधी त्यात अल्कली घालून आंबटपणा मारलेला. खळं गेलं, तर मारेकरी आम्ल होतं. खळं टिकलं, तर तिसरी डिश: रसात कॅटॅलेज घालायचं, म्हणजे पेरॉक्साइड फुटून जाईल. तरीही खळं राहिलं, तर चौथी डिश: आता प्रथिन पचवणारं विकर घालायचं, ट्रिप्सिनसारखं. या वेळी खळं नाहीसं झालं, तर मारेकरी प्रथिन होतं. तेव्हा कुठे बॅक्टेरिओसिन असावं असं म्हणता येतं.

घरून आणलेल्या दह्यांवर हा प्रयोग आम्ही बरेचदा केला. सुरुवातीला जवळपास सगळ्यांना खळं पडायचं. अल्कली घातल्यावर बहुतेकांचं खळं गायब व्हायचं. विद्यार्थी हिरमुसायचे, जणू दही नापास झालं. मला यात हिरमुसण्यासारखं काही दिसत नाही. आम्लानं मारलं तरी ते मारणंच आहे, आणि घरच्या वाटीत बहुतेक काम आम्लच करतं. प्रश्न पडतो तो आम्ल जिथे बनूच शकत नाही तिथे. मासा ही तशी जागा आहे.

माशात साखर नसते

माशाच्या मांसात प्रथिनं भरपूर, साखर नावाला. मेल्यावर स्नायूतला थोडा ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, लॅक्टिक आम्लात बदलतो, तरी पीएच सहाच्या वरच राहतो. म्हणजे लॅक्टिक जिवाणूंना खायला जवळजवळ काही नाही आणि कुजवणाऱ्यांना मात्र मेजवानी. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला स्वतःला वास नाही. शेवानेलासारखे जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात आणि मग तो ओळखीचा ‘माशाचा वास’ सुटतो. ताज्या माशाला तो नसतो, हे बाजारात मासे घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मग माणसानं मासा टिकवला कसा? कोकण-गोव्यानं मीठ आणि ऊन वापरलं. सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा: यात पाणी काढून घेतलं की कुठल्याच जंतूला जगणं अवघड. यात लॅक्टिक जिवाणूंचा फारसा हात नाही. आमच्याकडचं कैरीचं लोणचंही मुख्यतः मीठ, तेल आणि कैरीच्या स्वतःच्या आंबटपणावर टिकतं. ‘पारंपरिक’ म्हटलं की सगळं आंबवलेलंच असतं असं नाही, हे सांगायला हवं.

जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी दुसरी वाट काढली. तिथे निगोरोबुना नावाचा गोड्या पाण्यातला मासा साफ करून आधी काही महिने मिठात ठेवतात. मग धुऊन, शिजवलेल्या भाताच्या थरांत दाबून, वर वजन ठेवून पुन्हा कित्येक महिने मुरवतात. भाताचा पिष्टमय भाग फुटून साखर होते, साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं, आणि माशाला जे जमलं नसतं ते भात करून देतो. याला फुनाझुशी म्हणतात. आजच्या सुशीचं हे मूळ. भात तेव्हा खाण्यासाठी नव्हताच, तो जिवाणूंचा शिधा होता.

थायलंडमध्ये सोम-फाक आणि प्ला-सोम बनवताना माशात मीठ, भात आणि भरपूर लसूण घालतात. लसणीची गंमत दुहेरी आहे. तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कित्येक नको ते जंतू दबतात. आणि तिच्यात फ्रुक्टान नावाची साखरेची लांब साखळी असते, ती फोडून खाणारे लॅक्टिक जिवाणू या माशात भेटतात. सोम-फाकच्या अभ्यासात लसूण घातलेला मासा दोन-तीन दिवसांत चांगला आंबला, लसूण नसलेला रेंगाळला. ती फोडणीपुरती नव्हती, हे तिथल्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

आपल्या देशात आंबवलेल्या माशाचं खरं माहेर ईशान्य भारत. मणिपूरची ङारी, मेघालयातला तुंगताप, आसाम-त्रिपुराकडचा शिदल. ङारी करताना छोटे सुकवलेले मासे किंचित ओले करून, आतून मोहरीचं तेल लावलेल्या मातीच्या मडक्यात ठासून भरतात, तोंड घट्ट बंद करतात आणि काही महिने तसंच ठेवतात. मीठ घालत नाहीत. एरोम्बा नावाच्या ठेचलेल्या भाजीत ती घातली की जो वास सुटतो, त्यावर मणिपुरी माणूस जीव ओवाळतो. ज्योती प्रकाश तमांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ङारी, मणिपूरचाच हेन्ताक आणि तुंगताप यांत लॅक्टिक जिवाणूंच्या कितीतरी जाती नोंदवल्या आहेत. पण ङारी आंबट नसते. ती टिकते ती कोरडेपणावर आणि हवाबंद मडक्यावर. लॅक्टिक जिवाणू तिथे राहतात, हातभार लावतात, पण एकट्यानं राखण करत नाहीत. म्हणून ङारीतून काढलेल्या जिवाणूनं डिशमध्ये खळं पाडलं, तर तो मडक्यातही तेच करत असेल असं गृहीत धरता येत नाही. डिशमध्ये आपण त्याला साखर पाजलेली असते.

साखरही नाही, पुरेसं मीठही नाही, कोरडंही नाही आणि वर हवाबंद, अशी स्थिती आली तर काय होतं? अलास्कात तिथले मूळ रहिवासी माशांची डोकी गवत अंथरलेल्या खड्ड्यात मुरवत असत. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आणि पिशव्या आल्या. त्या हवाबंद आणि उबदार, त्यामुळे बोट्युलिनमला मोकळं रान मिळालं आणि विषबाधा वाढल्या. इजिप्तमध्ये १९९१ च्या एप्रिलमध्ये फसीख या मुरवलेल्या खाऱ्या माशातून बोट्युलिनमची बाधा झाली. ९१ जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले १८ दगावले. दोन्ही ठिकाणी लोक ‘आंबवलेला मासा’ खात होते. पण पुरेसं आम्ल तयार झालं नव्हतं.

थंडीत पहारा करणारा कार्नोबॅक्टेरियम

आता आम्लाशिवायच्या हत्याराची खरी किंमत कळेल. युरोपात सामन मासा थंड धुरावर ठेवून, न शिजवता, पातळ कापून खातात. पाकीट फ्रिजमध्ये काही आठवडे राहतं. यात एका जंतूची धास्ती असते: लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. हा फ्रिजच्या थंडीत वाढतो आणि आपण अन्नात घालतो तेवढं मीठ सहज सोसतो. गर्भवती, नवजात आणि वृद्धांना त्याचा धोका जास्त, आणि आजार गंभीर झाला तर मृत्यूचं प्रमाण शेकडा २० ते ३० असतं. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये मांसाच्या तयार पदार्थातून त्याची साथ आली, तेव्हा २१६ माणसं गेली.

सामनमध्ये साखर नाही, आणि घातली तर चव बिघडते. इथे कामाला येतो कार्नोबॅक्टेरियम. हा माशांवर नैसर्गिकपणे सापडतो, फ्रिजच्या थंडीत वाढतो आणि मासा आंबट करत नाही. फ्रान्समध्ये माशाच्या आतड्यातून मिळालेल्या कार्नोबॅक्टेरियम डायव्हर्जेन्सच्या एका वाणाकडून डायव्हर्सिन व्ही-४१ नावाचं बॅक्टेरिओसिन मिळालं. पेडिओकोकस या आणखी एका लॅक्टिक जिवाणूचं पेडिओसिन याच घराण्यातलं. या घराण्याची तऱ्हा नायसिनपेक्षा वेगळी: लिस्टेरियाच्या पटलात साखर आत घेण्याचं, मॅनोजचं एक दार असतं. बॅक्टेरिओसिन त्या दारालाच चिकटतं आणि ते उघडं पाडून ठेवतं. आतलं सगळं बाहेर गळतं. ज्या दारानं जेवण येतं त्याच दारानं जीव जातो. शिवाय कार्नोबॅक्टेरियम आधी वाढला की मिळेल ते अन्न संपवून ठेवतो, लिस्टेरियाला उरतंच थोडं.

अडचणही याच दाराशी आहे. लिस्टेरियाच्या मोठ्या झुंडीत एखादा असा निघतो, ज्यानं ते दार जवळजवळ बंदच केलेलं असतं. त्याला खायला कमी मिळतं, तो सावकाश वाढतो, पण वाचतो. म्हणून अन्न उद्योगात एकट्या बॅक्टेरिओसिनवर कुणी विसंबत नाही. थंडी, मीठ, पाकिटातली हवा बदलणं आणि राखणदार जिवाणू, असे अडथळे एकामागे एक उभे करतात.

माशाच्या पोटातल्या लॅक्टिक जिवाणूंकडे मत्स्यशेतीचंही लक्ष आहे. कोळंबीच्या तळ्यांत व्हिब्रिओ जातीचे जंतू मोठं नुकसान करतात, आणि त्यावर प्रतिजैविकं ओतत राहिलं तर ती निष्प्रभ होत जातात. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्यांवर तर भारतात मत्स्यशेतीसाठी बंदीच आहे. म्हणून खाद्यातून चांगले जिवाणू देऊन बघतात. पण प्रत्येक लॅक्टिक जिवाणू सज्जन नसतो. दह्याच्या लॅक्टोकोकसचा सख्खा भाऊबंद लॅक्टोकोकस गार्व्हिए हा ट्राउट माशांचा वैरी आहे. एन्टेरोकोकसचे काही वाण बॅक्टेरिओसिन छान बनवतात आणि तेच प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही बाळगतात. नवा वाण सापडला की खळ्याच्या आधी ही झडती व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

खाल्ल्यावर काय?

नायसिन हे प्रथिन. आपल्या आतड्यातली विकरं ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतात. म्हणून ते अन्नात सुरक्षित, आणि म्हणूनच गोळी म्हणून गिळून उपयोग नाही. ताक पिऊन टायफॉइड बरा होत नाही. डॉक्टरनं दिलेलं औषध बंद करून दह्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हे हात जोडून सांगते.

पण जिवंत जिवाणूंची गोष्ट निराळी. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं बाळांना आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक निवडक वाण आणि त्याला लागणारी साखरेची साखळी दिली. जंतुसंसर्गानं रक्त दूषित होणं किंवा मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण शेकडा ९ वरून ५.४ वर आलं. बाळं किमान ३५ आठवड्यांची, किमान दोन किलो वजनाची आणि आईचं दूध पिणारी होती. वाण कित्येकांतून पारखून घेतलेला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जिवाणू देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये धोक्याचा इशारा दिला आहे. त्यामुळे घरी बाळाच्या तोंडाला दही लावणं हा या अभ्यासाचा अर्थ मुळीच नाही.

लॅक्टिक जिवाणूंच्या हाताबाहेरच्या गोष्टीही लक्षात ठेवायला हव्यात. बांगडा किंवा टुना बर्फाविना उन्हात राहिला, तर त्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं जंतू हिस्टामिन करतात. ते एकदा झालं की आंबवून जात नाही, शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. उलट काही लॅक्टिक जिवाणू स्वतःच हिस्टामिन बनवतात, म्हणून विरजणाचा वाण निवडताना तेही पाहावं लागतं. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा किंवा थोडेच दिवस मुरवलेला मासा खाल्ल्यानं यकृतातला पर्णकृमी माणसात येतो आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जिवाणूंवर चालणारं हत्यार या कृमीवर भरवशानं चालत नाही. तो मासा शिजवूनच खायला हवा.

आणि ओट्यावरची ती पहिली वाटी. दही तसंच विसरून राहिलं, की चार-पाच दिवसांनी कडेला हिरवट किंवा गुलाबी ठिपके दिसतात. बुरशी आणि यीस्ट यांना आम्लाचं भय नाही; त्यांतल्या कित्येकांना लॅक्टिक आम्ल हेच खाद्य असतं. त्या ते खात जातात तसा दह्याचा पीएच वर सरकतो, आम्लाचे अखंड रेणू कमी होत जातात, आणि इतके दिवस बाहेर थोपवलेल्या जंतूंना आत यायला वाट मोकळी होते. म्हणून वरचा थर चमच्यानं काढून खालचं दही वापरू नये, आणि त्यातलं विरजण तर अजिबात ठेवू नये. शेजारून नवीन मागून आणावं.